गाडीचा डावा

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. बाबा आहेत. जेवतात, झोपतात, चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करतात. पाच वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि तूही मला नाहीस. आधी कोणी लिहायचं हा वाद आज मी संपवला असं समज.

काम आहे म्हणून लिहितेय. बाबांची मोटरसायकल जिन्याखाली उभी असते. तिच्या पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय. रोज सकाळी पुढच्या चाकाखाली बशीएवढा डाग. मी पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बाबांचं डोकं आता पूर्वीसं राहिलं नाही, हे तुला मावशीने कळवलं असेलच. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. गॅरेज बंद करून तीन वर्षं झाली, तरी किल्ल्या शोधतात. पण तो डाग मात्र त्यांना बरोब्बर दिसतो. उठले की आधी जिन्याखाली. उकिडवं बसायचं, ऑइलमध्ये बोट बुडवायचं, वास घ्यायचा आणि आत हाक मारायची, "सील गेलंय. धाकटीला बोलवा." मी म्हणते, येईल हं. मग शांत होतात. ज्या माणसाने तू गॅरेज सोडून निघालीस तेव्हा शटर आपटून सांगितलं होतं, "या घरात तिचं नाव काढायचं नाही," तो आता दात घासायच्या आधी तुझं नाव काढतो. घे, हेही तुझ्याच पदरात.

परवा त्या ऑइलवरून पाय घसरून पडले. हाड वाचलं, कोपर सोललं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, या मॉडेलला मी हात लावत नाही, भंगारात द्या. बाबा जवळ नव्हते म्हणून तो वाचला.

तर आता तू ये, नाहीतर कसं करायचं ते लिही. बाबांनी मला कधी पाना धरू दिला नाही. पण तीस वर्षं शिवणयंत्रावर बसतेय, माझे हात काही आंधळे नाहीत.

अक्का

१६ फेब्रुवारी

अक्का,

सामानाचा ट्रक आठवड्यातून एकदा येतो, तोच टपाल आणतो. तुझं पाकीट बघून हातातला पाना सुटला तो थेट पायावर. इथे डोंगरात बोगदा पाडतायत. त्याच्या तोंडाशी आमचं वर्कशॉप, आणि मी खोदायच्या मशीन दुरुस्त करते. फोनची रेंज नाही, रजाही नाही. माणसं कमी आहेत, त्यामुळे इतक्यात येणं जमणार नाही. राग मानू नकोस.

आणि हे "बोलवा" काय गं? बाबा तुला अहोजाहो करायला लागले? आमच्या अक्काचा मान वाढला म्हणायचा! की लिहिताना तूच स्वतःला बढती दिलीस?

आता नीट वाच. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअप, त्यातला गळणारा डावाच असणार. बाबा गाडी नेहमी साइड स्टँडवर लावतात, तिचा सगळा भार डाव्यावर येतो. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा घालून पुढचं चाक उचल. चाक काढ, मडगार्ड काढ. शॉकअप गाडीला आहे तोवरच त्याच्या डोक्यावरचा नट सैल करून ठेव, बाहेर काढल्यावर तो तुझ्या बापालाही निघायचा नाही. मग नळी खाली ओढून घे आणि जुनं ऑइल डब्यात ओत. बुडाशी एक बोल्ट आहे. तो फिरवलास की आतला दांडाही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. त्यावर बाबांचा उपाय, वरून झाडूचा दांडा ठोकून घट्ट बसवायचा आणि तो कोणाला तरी धरायला सांगायचं. बोल्ट निघाला की दोन्ही हातांनी हिसके दे, बारीक पाइप जाड नळीतून सुटेल. नळीच्या तोंडाशी तारेची कडी असते, ती काढ. तिच्याखाली रबराचं सील. तेच बदलायचं. सीलच्या एका बाजूला बारीक स्प्रिंग दिसेल, ती बाजू आत, ऑइलकडे. ऑइल मापून भर. जितकं एकात तितकंच दुसऱ्यात, नाहीतर गाडी लंगडते.

अक्का, खरंच रोज माझं नाव घेतात?

धाकटी

१ मार्च

धाकटे,

तुझं बरं आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर विचारायचं, नाव घेतात का. घेतात. रोज. झालं समाधान?

तुझं पत्र भिंतीला टाचून कामाला लागले. ठोकळा घातला, चाक काढलं. नट काढताना कोपर भिंतीवर आपटलं आणि मी जे बोलले ते शेजारणीने ऐकलं. दोन्ही नळ्या ऑइल आणि धुळीने सारख्याच काळ्याकुट्ट, म्हणून तू सांगितलंस तसा डावा उघडला. झाडूचा दांडा ठोकला आणि तो धरायला शेजारणीलाच बसवलं. सील काढलं तर चांगलं मऊ, नव्यासारखं. मला वाटलं, यात गेलंय काय? तेवढ्यात बाबा जिन्याखाली आले. बघितलं आणि इतके हसले, इतके हसले, की मला आधी भीतीच वाटली. म्हणाले, "उलटा उघडलात. गाडीचा डावा, आपला नाही."

मी गाडीसमोर उभी राहून डावा उघडला होता. म्हणजे गाडीचा उजवा. चांगला होता तोच.

गॅरेजमध्ये डावा म्हणजे गाडीवर बसलेल्याचा डावा, हे तुला लिहावंसंही वाटलं नाही. बरोबरच आहे. तू चालायला लागायच्या आधी टाकीवर बसलीस. बाबांच्या पुढ्यात तू आणि मागे पान्यांची पिशवी. मला मात्र, "अक्का, तू घर बघ." आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, धाकटे. घर बघितलं. त्या गाडीवर मी आजतागायत एकदाही बसलेले नाही. मला कसा कळणार तिचा डावा?

लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. असो. मग खरा डावा उघडला, त्यात नवं सील बसवलं, स्प्रिंग आत, तू म्हणालीस तशीच. चार दिवस फरशी कोरडी होती. पाचव्या दिवशी डाग. म्हणजे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काय चुकलं ते लिही.

अक्का

११ मार्च

अक्का,

चुकलं माझं. सील राहू दे, आधी ते डाव्याउजव्याचं. तू कधीच बसली नव्हतीस? मी किती आठवून बघितलं, तू मागे बसली आहेस असं एकही चित्र डोळ्यांसमोर येईना. इतकी वर्षं मला ते दिसलंच नाही, याची लाज वाटतेय.

तुझं काम बरोबर आहे. दोष पाइपचा. गाडी वर्षानुवर्षं एका जागी उभी राहिली की पाइपवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पाइप पुसून त्याच्यावर अंगठ्याचं नख वरून खाली फिरव. जिथे अडकेल तिथे खड्डा, आणि तोच दर हेलकाव्याला नव्या सीलची कड कापतो. सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर घे, ऑइलमध्ये भिजव आणि पाइपभोवती गोल गोल घास. उभं घासू नकोस, उभ्या ओरखड्यातून ऑइल वर चढतं. नख सरकन गेलं पाहिजे. घाई करू नकोस, यालाच खरे दिवस लागतात. सील चढवताना पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळ, म्हणजे धार लागणार नाही.

इथे अजून थंडी आहे. हात फुटलेत. बाबा हात फुटले की ग्रीस चोळायचे आणि म्हणायचे, मशीनला चालतं ते माणसाला का नाही. मीही चोळते. फार आठवण येते गं तुमची. तुझ्या हातच्या चहाचीसुद्धा, आणि तो काही फार चांगला नसायचा.

धाकटी

४ एप्रिल

धाकटे,

मधे पंधरा दिवस लिहिलं नाही. काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण वाईट की चांगलं ते मला ठरवता येत नाहीये.

घासताना साड्या खराब होतात म्हणून खुंटीवरचा तुझा जुना निळा डगला अंगात घातला. तुझा तो कामाचा, कोपरावर मी ठिगळ लावलेला. केस बांधले आणि पाइप मांडीवर घेऊन बसले. बाबा आले, स्टूल ओढून समोर बसले आणि म्हणाले, "काय गं, नख फिरवलंस का?"

धाकटे, "गं" म्हणाले.

तू थट्टेत विचारलं होतंस ना, अहोजाहो कधीपासून? तीन वर्षं झाली. तीन वर्षं मी या घरात "बाई" आहे. "बाई, चहा ठेवता का?" "बाई, तुमचं घर कुठे? उशीर झाला, तुम्ही निघा आता." फार अदबीने बोलतात. परक्या बाईशी बोलावं तसंच. तुला लिहिलं नाही, कारण लिहून काय करणार होतीस? आणि खरं सांगू? लाजही वाटली. तुला रोज हाक मारतात आणि मी समोर ताट घेऊन उभी असते, हे कोणत्या तोंडाने लिहायचं?

तर आता रोज सकाळी भांडी आवरली की मी डगला चढवते. ते स्टुलावर, मी खाली. "गोल फिरव. मनगट सैल सोड. कापड इस्त्री करतेस का?" असं ओरडतात. एकदा माझा हात धरून दाखवलं. माणसाला स्वतःचं वय आठवत नाही, पण पेपरवर बोट किती दाबायचं ते पक्कं आठवतं. मधेच "धाकटे" म्हणतात, मी "हो बाबा" म्हणते. चोरी आहे ही, कळतं मला. तुझ्या वाटचं मी खातेय. पण तीस वर्षांत त्यांनी मला जेवढं शिकवलं नसेल तेवढं या पंधरा दिवसांत शिकवलं, आणि पाइप केव्हाच गुळगुळीत झालाय, धाकटे. नख सरकन जातं. तरी मी घासतेय.

अक्का

१० एप्रिल

अक्का,

पत्र दोनदा वाचलं आणि मशीनच्या मागे जाऊन रडले. आमचा फोरमन म्हणाला, डिझेलचा धूर डोळ्यांत गेला वाटतं. मी म्हटलं, हो.

तू काही चोरलेलं नाहीस. चोर मीच. रजा नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. दर वर्षी तीस दिवस मिळतात आणि दर वर्षी मी ते बुडवते. बाबा "नाव काढायचं नाही" म्हणाले होते, तेच मी घट्ट धरून बसले. पहिली दोन वर्षं रागाने. मग मावशीने डोक्याचं कळवलं, तेव्हापासून भीतीने. मी घरी आले आणि बाबांनी मला ओळखलंच नाही तर? इथे लांब बसलं की निदान असं मानता येतं, की ओळखतील. मग तुझं पत्र आलं, रोज माझं नाव घेतात म्हणून. मी तो आनंद दोन महिने पुरवून पुरवून खाल्ला. तू कशी आहेस, हे एका ओळीत विचारलं नाही.

आता माझं एक ऐक. पाइप झाला असेल तर सील बसव. आणि ज्या दिवशी बसवशील त्या दिवशी डगला घालू नकोस. तुझी साडी नेस, काळी झाली तर होऊ दे. आणि त्यांना सांग, की मी अक्का आहे आणि हे काम मी केलंय. केलंस तू, नाव माझं कशाला?

धाकटी

२८ एप्रिल

धाकटे,

सांगितलं.

सतरा तारखेला बसवलं. जुनी हिरवी साडी, पदर खोचलेला. पाइपच्या तोंडाला पिशवी गुंडाळली, सीलला ऑइलचं बोट लावलं, अंगठ्यांनी सगळीकडून सारखं दाबत नेलं. काखेला बाही जोडताना कापड जसं थोडं थोडं मुरवत न्यावं लागतं ना, तसंच आहे ते, उगाच तुम्ही गॅरेजवाले त्याचा एवढा बाऊ करता. ऑइल बाबांच्या औषधाच्या मापाने भरलं, दोन्हीकडे सारखं. चाक चढवलं, ठोकळा काढला.

बाबा आले. डगला नव्हता, म्हणून दारातच थांबले. "बाई, गाडीला हात कोणी लावला?" मी म्हटलं, "मी. मी अक्का. तुमची थोरली." ते म्हणाले, "अक्का शिवते. तिला हे येत नाही." मी म्हटलं, "येतं. तुम्हीच शिकवलंत." मग हँडल धरून त्यांनी पुढून जोर दिला. गाडी खाली गेली आणि सावकाश, एका दमात वर आली. पुन्हा दिला, पुन्हा आली. वाकून दोन्ही पाइपवरून बोट फिरवलं. कोरडं. मग माझा हात घेतला, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि म्हणाले, "नाव काढलंस."

कोणाचं ते नाही सांगितलं. पण "काढलंत" नाही म्हणाले. "काढलंस."

मी तिथेच पायरीवर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. तर वरून विचारतात, "बाई, बरं नाही का?" तेवढ्या वेळात पुन्हा बाई. तेवढंच होतं ते, धाकटे. पण झालं. माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आता जे लिहायचं ते लिहवत नाही, पण तू मला खरं लिहिलंस तर मीही लिहायला हवं. अकरा दिवस फरशी कोरडी आहे. बाबा सकाळी उठतात, जिन्याखाली जातात, बघतात आणि परत येतात. डाग नाही, त्यामुळे हाक नाही. अकरा दिवसांत त्यांनी तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही. काल मीच विचारलं, "धाकटीला बोलवायचं का?" तर म्हणाले, "कोण?"

मला वाटलं होतं मी गळती बंद करतेय. मला खरंच कळलं नव्हतं गं.

अक्का

७ मे

अक्का,

मी रजा टाकली. तीन जूनला सकाळी पोचते.

तोवर एक कर. मागतेय त्याची लाज वाटते, तरी मागते. डावा उघड. गाडीचा डावा. सील काढून उलटं बसव, स्प्रिंगची बाजू बाहेर. चार दिवसांत गळायला लागेल. फरशी तू पुसू नकोस, मी आल्यावर पुसेन. त्यांनी डाग बघावा, बोट बुडवावं आणि मला बोलवावं. मी बाहेर पायरीवर उभी असेन. एकदाच ऐकायचंय गं. पाच वर्षं मी दुसरं काही मागितलं नाही.

धाकटी

१६ मे

धाकटे,

नाही करणार.

रागाने नाही म्हणत. तुझं पत्र वाचून पाना घेऊन जिन्याखाली गेले होते मी, ठोकळासुद्धा घातला होता. पण ते एकदा पडलेत, आणि या वयात पडलेला माणूस दर वेळी उठत नाही. आणि दुसरं असं, की मी बसवलेलं सील उलटं बसवायला माझे हात तयार होईनात. तुझ्याच बापाने शिकवलंय.

तू ये. हाकेची वाट बघत पायरीवर उभी राहू नकोस, सरळ आत ये. ते विचारतील, "कोण?" तू सांग, मी धाकटी, तुमची मुलगी. "बरं" म्हणतील आणि पेपर वाचायला लागतील. पेपर कालचा असला तरी चालतो. जेवताना पुन्हा विचारतील, पुन्हा सांग. वाईट वाटेल. पहिले काही महिने मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. मग मीही सांगायचं सोडलं आणि बाई होऊन राहिले, तिथे माझं चुकलं. सतरा तारखेपासून रोज चहा देताना सांगते, मी अक्का, तुमची थोरली. बहुतेक वेळा नुसता कप घेतात. पण गेल्या मंगळवारी कप हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अक्का? केवढी मोठी झालीस गं."

त्यांनी विचारायचं आणि आपण सांगायचं, एवढंच राहिलंय आता. मला एकटीला पुरं पडत नाही. ये, दोघी मिळून सांगू.

अक्का